विखुरलेल्या आठवणी आणि फिरता एजंट



आजच्या विषयाचं नाव ऐकायला जरा जड आहे : मोबाइल सॉफ्टवेअर एजंट. नावातला ‘मोबाइल’ म्हणजे तुमच्या हातातला फोन नव्हे. इथे मोबाइल म्हणजे फिरता. एका यंत्रावर बसून न राहता, आपलं काम बरोबर घेऊन दुसऱ्या यंत्रावर जाणारा, तिथे ते काम करणारा आणि उत्तर घेऊन परत येणारा प्रोग्राम. मी त्याला ‘फिरता एजंट’ म्हणणार आहे.

व्हिडिओत मी हे सगळं फळ्यावर चौकोन आणि बाण काढून दाखवलं होतं. पुस्तकात फळा नाही, म्हणून एक काल्पनिक घर घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच घरात राहू.

एक आजी, सात जागा

समजा, इंदूरच्या एका मराठी घरातल्या आजींचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या नातीने एक काम अंगावर घेतलंय. आजीचे निवडक फोटो, आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज आणि आजोबांनी पूर्वी कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवलेल्या आठवणी असं सगळं एकत्र करायचं.

आता हा ऐवज कुठे कुठे आहे? काही फोटो काकांच्या इंदूरच्या जुन्या कॉम्प्युटरवर. काही बेळगावच्या आत्याच्या फोनमध्ये. काही दादाच्या लॅपटॉपवर. एक मेमरी कार्ड कपाटात. दोन सीड्या, ज्यांच्यावर फक्त ‘मुंज’ असं लिहिलंय. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षानुवर्षांचा ढीग. आणि एक क्लाउड खातं, ज्याचा पासवर्ड एकालाच ठाऊक आहे.

हे चित्र तुमच्या घरापेक्षा फार वेगळं नसणार. घर जितकं जास्त शहरांत पसरलेलं, तितका हा पसारा मोठा.

नातीपुढचा पहिला रस्ता सगळ्यांना सुचतो : सगळं क्लाउडवर चढवा आणि मग शोधा. जरा हिशेब करू. घरातले सगळे मिळून ४० हजार फोटो धरले आणि एक फोटो सरासरी ३ एमबीचा धरला, तर झाले १२० जीबी. अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल तर हे चढवायला सलग साधारण २७ तास लागतील. पण हा हिशेब यंत्राचा आहे. माणसांच्या घरात वीज जाते, फोन खिशात घालून माणूस बाजारात जातो, डेटा पॅक संपतो. शिवाय जागेचं भाडं आहेच. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मोफत मिळतात ते १५ जीबी, आणि तेही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून.

आणि एवढं करून हवं काय होतं? आजीचे साठ फोटो. साठ फोटोंसाठी चाळीस हजार फोटोंचा प्रवास!

दुसरा रस्ता आपल्याकडे जास्त चालतो : नात आत्याला फोन करते. “आत्या, तुझा फोन दोन दिवस दे ना कुणाबरोबर पाठवून.” आत्या म्हणते, “फोन नाही देणार गं. पण तुला काय हवंय ते सांग, मी शोधून देते.”

मंडळी, आत्याच्या या उत्तरात आजचा सगळा विषय आहे. फोन, म्हणजे सगळा डेटा, जागचा हलणार नाही. पण शोध आत्याच्या फोनवरच होईल आणि उत्तर नातीकडे जाईल. अडचण इतकीच की आत्याला वेळ नाही आणि काकांना फाइल कुठे असते ते माहीत नाही. मग आत्याच्या जागी शोधण्याचं काम करणारा एक छोटा प्रोग्रामच तिच्या फोनवर पाठवला तर?

जासूद आणि वकील

तुम्ही म्हणाल, यात नवं काय? आपला फोन दिवसभर कुठल्या ना कुठल्या सर्व्हरला काही तरी विचारतच असतो.

खरं आहे, पण विचारण्याच्या दोन तऱ्हा आहेत. मराठेशाहीत जासूद पत्र घेऊन जायचा. उत्तर मिळालं की ते घेऊन यायचा. उत्तरातून नवा प्रश्न निघाला तर पुन्हा पत्र, पुन्हा जासूद. वकिलाचं तसं नव्हतं. तो दुसऱ्याच्या दरबारी राहायचा, तिथली परिस्थिती पाहायचा आणि आपल्या धन्याचा हेतू ध्यानात ठेवून, दिलेल्या अधिकाराच्या मर्यादेत तिथल्या तिथे बोलणी करायचा. प्रत्येक वाक्यासाठी पुण्याला विचारायला येत नव्हता.

नेहमीचं ॲप जासुदासारखं चालतं : विनंती, उत्तर, विनंती, उत्तर. दोन्ही टोकं एकाच वेळी जागी आणि जोडलेली असावी लागतात. फिरता एजंट वकिलासारखा. तो एकदा पोचला की मधली तार तुटली तरी त्याचं काम थांबत नाही. तार पुन्हा जुळली की तो परत येतो.

आपल्या उदाहरणात आकडे बघा. शोधाचा प्रोग्राम साधारण ५० केबीचा धरू. तो परत येताना साठ फोटोंच्या छोट्या प्रतिमा आणतो, प्रत्येकी ३० केबी. म्हणजे दोन एमबीच्या आतच काम झालं. नातीने त्या पाहून पसंत केल्या की मगच मूळ साठ फोटो मागवायचे : १८० एमबी, त्याच वेगाने अडीच मिनिटांच्या आत. २७ तास कुठे आणि अडीच मिनिटं कुठे!

ही कल्पना नवी नाही

आज ‘एजंट’ हा शब्द कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सगळीकडे ऐकू येतो. फिरता एजंट मात्र त्याच्या खूप आधीचा आहे.

अमेरिकेत १९९० मध्ये ‘ॲपल’मधून फुटून ‘जनरल मॅजिक’ नावाची कंपनी निघाली. हातात मावणारं संपर्कयंत्र बनवायचं हे तिचं स्वप्न. तिथे जेम्स व्हाइट यांच्या पुढाकाराने ‘टेलिस्क्रिप्ट’ नावाची प्रोग्रामिंगची भाषा तयार झाली. या भाषेत ‘गो’ म्हणजे ‘जा’ अशी एक आज्ञाच होती. प्रोग्राम चालता चालता त्या ओळीवर आला की आपली सगळी अवस्था बरोबर बांधून घ्यायचा, दुसऱ्या यंत्रावर जायचा आणि पुढच्या ओळीपासून काम सुरू करायचा. त्याच्याकडे एक परवानाही असायचा : हा एजंट किती काळ जगेल, किती मोठा होऊ शकेल, किती खर्च करू शकेल. १९९४ मध्ये सोनीचं ‘मॅजिक लिंक’ हे यंत्र आलं आणि एटी अँड टी कंपनीने ‘पर्सनालिंक’ ही सेवा सुरू केली. ती सेवा १९९६ मध्येच बंद पडली. तोवर वेब सगळीकडे पसरू लागलं होतं, आणि एका कंपनीच्या बंदिस्त जाळ्यात कुणाला अडकायचं नव्हतं.

त्यानंतर आयबीएमच्या टोकियोतल्या प्रयोगशाळेत जावा भाषेवर ‘ॲगलेट्स’ तयार झाले. ते जाताना माहिती बरोबर न्यायचे, पण पोचल्यावर ठरलेल्या ठिकाणापासून काम नव्याने सुरू करायचे. तिथे काम केलेले डॅनी लँग आणि मित्सुरू ओशिमा यांनी १९९९ मध्ये फिरत्या एजंटच्या बाजूने सात कारणं मांडली. त्यातली तीन आपल्या घराला थेट लागू पडतात : जाळ्यावरचा भार कमी होतो, संपर्क तुटला तरी काम चालू राहतं, आणि वेगवेगळ्या जातीची यंत्रं एका कामात गुंफता येतात.

पण आयबीएमच्याच दुसऱ्या संशोधकांनी १९९५ मध्ये एक रोखठोक निरीक्षण नोंदवलं होतं. फिरता एजंट जे करतो त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट सुटी सुटी घेतली तर दुसऱ्या मार्गानेही करता येते. त्याचा फायदा दिसतो तो सगळं एकत्र पाहिल्यावर. हे निरीक्षण लक्षात ठेवा, कारण ही कल्पना घराघरांत का पोचली नाही याचं अर्धं उत्तर त्यात आहे. प्रत्येक तुकड्यापुरता कुणी ना कुणी सोपा उपाय काढला, आणि पूर्ण वकील नेमायची गरज कुणाला भासली नाही.

कल्पना मात्र मेली नाही. २००४ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी ‘मॅपरिड्यूस’ ही पद्धत जगापुढे मांडली. तिच्यातही प्रचंड माहिती हलवण्याऐवजी, माहिती ज्या यंत्रावर आहे तिथेच शक्यतो काम पाठवतात. २०१७ मध्ये गूगलनेच ‘फेडरेटेड लर्निंग’ आपल्या कीबोर्डवर वापरत असल्याचं सांगितलं. त्यात तुमचं टाइप केलेलं सर्व्हरवर जात नाही. शिकण्याचं काम फोनवर येतं आणि शिकून निघालेला सारांश तेवढा परत जातो. म्हणजे मोठ्या कंपन्यांनी हे तत्त्व आपल्या सोयीसाठी उचललं. आपल्या घराच्या सोयीसाठी ते वापरायचं राहून गेलं.

घरातली फेरी कशी होईल

आता आपल्या एजंटला इंदूर, बेळगाव, बंगळुरू असं फिरवू.

पहिली अडचण पत्त्याची. घरच्या राउटरमागे असलेल्या कॉम्प्युटरला किंवा मोबाइल नेटवर्कवरच्या फोनला बाहेरून सहसा थेट गाठता येत नाही. तो स्वतः बाहेर जातो, पण बाहेरच्याला आत घेत नाही. म्हणून कुटुंबात एक तरी कायम जागं राहणारं यंत्र लागतं. जुना लॅपटॉप चालेल किंवा छोटं रास्पबेरी पाय चालेल. त्याला आपण ‘ओसरी’ म्हणू. एजंट ओसरीवर येऊन बसतो. आत्याचा फोन रात्री चार्जिंगला लागला आणि वायफायवर आला, की तोच ओसरीवर डोकावतो : माझ्यासाठी कुणी आलंय का?

रात्री आणि चार्जिंगला का? कारण फोनला झोप प्रिय आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन वापरात नसताना मागच्या मागे चालणारी कामं आवळली जातात, बॅटरी वाचावी म्हणून. आयफोन तर याबाबतीत आणखी कडक आहे. इथे एजंटचा फायदा दिसतो. तो घाई करत नाही. दोन रात्री ओसरीवर बसून राहायचीही त्याची तयारी असते.

दुसरी पायरी ओळख पटवण्याची. आत्याच्या फोनवर आधीपासून एक छोटं ॲप असावं लागतं, यजमानाचं काम करणारं. हा एजंट नातीनेच पाठवलाय ना, वाटेत कुणी बदलला नाही ना, हे तो डिजिटल सहीवरून तपासतो. मग त्याला एका बंद खोलीत चालवतो. तिथून त्याला फोटोंचं फोल्डर दिसतं, पण बँकेचे मेसेज दिसत नाहीत.

तिसरी पायरी शोध. चौथी पायरी, आणि ती गाळायची नाही : सापडलेलं आधी आत्याला दाखवायचं. आत्या दोन फोटोंवर फुली मारते, बाकीचे सोडते. मगच उत्तर ओसरीवर जातं.

शोधणाऱ्याला घर माहीत असावं लागतं

आता तुम्ही विचाराल, फोनमध्ये शोध असतोच की. वेगळा प्रोग्राम पाठवायचा कशाला?

कारण फोनचा शोध त्याच्या निर्मात्याला सुचलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो. आपले प्रश्न त्याला माहीत नसतात. तीन उदाहरणं देतो.

एक, व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो. मूळ फोटोत वेळ, जागा, कॅमेरा अशी माहिती लपलेली असते. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि ही माहिती त्यातून निघून जाते. अँड्रॉइडवर त्या फाइलच्या नावात तारीख असते, पण ती फोटो काढल्याची नव्हे. म्हणजे १९७५ च्या लग्नाचा, परवा ग्रुपवर आलेला फोटो फोनच्या लेखी परवाचा. एजंटला हे सांगून पाठवता येतं : नावात व्हॉट्सॲपची खूण असेल तर तारखेवर विश्वास ठेवू नकोस.

दोन, एकाच फोटोच्या दहा प्रती. दोन फायली तंतोतंत सारख्या असतील तर ते ओळखणं सोपं आहे. फाइलचा ‘हॅश’ काढायचा, म्हणजे तिच्या मजकुरावरून तयार होणारा ठसा. पण व्हॉट्सॲपने दाबलेल्या प्रतीचा ठसा मूळ फोटोशी जुळत नाही. तिथे दुसरी युक्ती लागते. फोटो अगदी छोटा आणि काळापांढरा करायचा, शेजारशेजारच्या ठिपक्यांत कोणता उजळ ते पाहायचं आणि त्यातून ६४ एक-शून्यांची ओळ काढायची. दोन ओळींत थोड्याच जागी फरक असेल तर फोटो बहुधा एकच. एजंट काकांकडच्या फोटोंच्या अशा ओळी तेवढ्या घेऊन आत्याकडे जातो आणि तिथली प्रत मूळ आहे की दाबलेली हे ठरवतो. फोटो कुठेच हलत नाहीत. ग्रुपवरच्या धूसर प्रतीऐवजी काकांच्या कॉम्प्युटरवरची स्वच्छ प्रत निवडली जाते ती अशी.

तीन, आजोबांची फाइल. हे खास आपलं दुखणं आहे. युनिकोड रुळण्याआधी आपण जे मराठी टाइप करत होतो, त्यात देवनागरीची चित्रं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. तो फॉन्ट असेल तोवर पानावर मराठी दिसतं. फॉन्ट नसेल तर अगम्य रोमन अक्षरांची रांग. ‘आजी’, ‘इंदूर’, ‘लग्न’ असं काहीही शोधा, सापडणार नाही, कारण संगणकाच्या लेखी त्या फाइलमध्ये मराठीचं एक अक्षर नाही. आजोबांनी महिनोन्महिने बसून लिहिलेल्या आठवणी डोळ्यांसमोर असूनही हरवलेल्या! आपला एजंट मात्र त्या फॉन्टचा तक्ता बरोबर घेऊन जाऊ शकतो, फाइल तिथल्या तिथे युनिकोडमध्ये वाचू शकतो आणि सांगू शकतो : ही बघा, अमुक पानावर आजीच्या माहेराबद्दल आहे.

युनिकोडमध्येही गोची आहेच. ‘ॲ’ हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येतं आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन. मराठी शोधणाऱ्याला हे ठाऊक असावं लागतं. आणि घरातल्या आजींना कुणी ‘माई’ म्हणतं, कुणी ‘काकू’, कुणी ‘वहिनी’, हे तर फक्त घरालाच ठाऊक असतं. जगातल्या कुठल्याही कंपनीने हे आपल्यासाठी आधी भरून ठेवलेलं नाही. ते आपल्यालाच बरोबर पाठवावं लागतं.

भीती दोन बाजूंची

इतकं चांगलं आहे तर आज आपल्या फोनवर का नाही? याचं उरलेलं अर्धं उत्तर सुरक्षिततेत आहे.

पहिली भीती यजमानाची. दुसऱ्याने पाठवलेला प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवायचा, म्हणजे दार उघडायचं. फिरता एजंट आणि व्हायरस यांत तांत्रिक फरक फारसा नाही. दोघेही यंत्रावरून यंत्रावर जातात. फरक आहे तो परवानगीचा. बंद खोली, डिजिटल सही, ठरलेली मुदत हे उपाय यावर बऱ्यापैकी चालतात. रोज वेब पाहताना दुसऱ्यांचे किती तरी छोटे प्रोग्राम आपल्या ब्राउझरमध्ये असेच बंद खोलीत चालतात.

दुसरी भीती एजंटची स्वतःची, आणि ती जास्त अवघड आहे. तो ज्या यंत्रावर जातो ते यंत्रच बिघडलेलं किंवा कुणाच्या ताब्यात गेलेलं असेल तर? यजमान एजंटचा प्रत्येक शब्द वाचू शकतो, त्याच्या झोळीतलं काढून घेऊ शकतो, उत्तर बदलून पाठवू शकतो. दुसऱ्याच्या घरात राहून त्याच्यापासूनच सगळं लपवणं जवळपास अशक्य. १९९० च्या दशकाच्या शेवटी संशोधकांनी यावर बरंच डोकं लावलं, पण सर्वसाधारण वापराला पुरेल असा सोपा उपाय हाती आला नाही.

घरापुरता व्यवहारी मार्ग मात्र आहे. एजंटच्या झोळीत पासवर्ड किंवा किल्ल्या द्यायच्याच नाहीत. एका घरचं सापडलेलं घेऊन त्याने दुसऱ्या घरी जायचं नाही. प्रत्येक फेरीनंतर ओसरीवर परत यायचं. आणि मिळालेलं उत्तर फक्त नातीलाच उघडता येईल अशा कुलपात बंद करून द्यायचं. दोनचार फेऱ्या जास्त होतील. होऊ देत.

किती मुखत्यारी द्यायची?

घराच्या, जमिनीच्या व्यवहारात आपण मुखत्यारपत्र करतो. कुलमुखत्यारपत्र दिलं की तो माणूस तुमच्या नावाने सगळंच करू शकतो. विशेष मुखत्यारपत्र एका कामापुरतं असतं. शहाणा माणूस कुलमुखत्यारपत्रावर सही करताना दहादा विचार करतो.

फोनवर मात्र आपण काय करतो? ॲप विचारतं, “सगळे फोटो पाहू का?” आपण ‘हो’ म्हणतो. कुलमुखत्यारपत्र, एका बोटाने!

आत्याच्या फोनमध्ये फक्त आजी नाहीत. तिथे तिच्या औषधांच्या चिठ्ठ्या आहेत, मैत्रिणींचे फोटो आहेत, मुलीच्या स्थळांचे बायोडेटा आहेत, भावाबहिणींतल्या वाटणीच्या कागदांचे फोटो असतील. आजीचे फोटो शोधायला आलेल्याने ते पाहिले तर? बाहेरच्या चोराला आपण भितो, पण फोनमधलं सर्वांत नाजूक असं जे असतं ते बऱ्याचदा घरातल्याच माणसांपासून जपायचं असतं.

इथे कायदा मदतीला येत नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला. पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी हाताळलेल्या माहितीला तो लागू नाही. ते योग्यच आहे, घरातल्या अल्बमवर सरकारी नियम कशाला? पण याचा अर्थ असा, की घरातल्या घरात मर्यादा आपणच घालायला हवी.

माझ्या मते ही मर्यादा पाच ओळींची असते. काय शोधायचं : आजीचे फोटो आणि आवाज, दुसरं काही नाही. कुठे शोधायचं : ही दोन फोल्डरं, बाकी बंद. कधीपर्यंत : कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत, नंतर एजंट स्वतःला पुसून टाकेल. काय न्यायचं : आधी छोट्या प्रतिमा, मंजुरीनंतर मूळ फोटो. आणि शेवटचा शब्द कुणाचा : ज्याचा फोन त्याचा. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं म्हणून लहानांचा फोन उघडायचा, किंवा लहानांना जास्त कळतं म्हणून मोठ्यांचा, हे दोन्ही नाही.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे एजंट येत आहेत, त्यांनाही हीच फूटपट्टी लावा. तो एजंट तुमच्या यंत्रावर येऊन काम करतो, की तुमचं सगळं आपल्याकडे ओढून नेतो? त्याचं मुखत्यारपत्र विशेष आहे की कुल? हे दोन प्रश्न विचारता आले, तर आजचा भाग सार्थकी लागला.

आज घरी काय करता येईल

घरगुती फोटोंसाठी जसा हवा तसा तयार फिरता एजंट मी तुमच्या हातात देऊ शकत नाही. पण त्याच्यासाठी घर तयार करता येतं, आणि त्या तयारीचा उपयोग आजच होतो.

जुन्या लॅपटॉपची ओसरी करा. ‘सिंकथिंग’ हा मोफत प्रोग्राम २०१३ पासून आहे. तो मध्ये कुठलाही क्लाउड न ठेवता तुमच्याच दोन यंत्रांत निवडलेली फोल्डरं सारखी ठेवतो. ‘इमिच’ किंवा ‘नेक्स्टक्लाउड’ घरच्या कॉम्प्युटरवर बसवून फोटो आपल्याच घरी शोधता येतात. हे एजंट नाहीत, पण ओसरी हीच. घरात कुणी संगणकाचं शिकत असेल तर त्याला किंवा तिला हे सांगा : ‘एसएसएच’ वापरून इथली छोटी स्क्रिप्ट घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवायची आणि फक्त फायलींची यादी परत आणायची. वकिलीचा पहिला धडा एका रविवारी होईल.

घरच्या नावांची यादी करा : कुणाला कोण काय म्हणतं. जुन्या मराठी फायली सापडल्या तर कोणत्या फॉन्टमध्ये आहेत ते लिहून ठेवा आणि युनिकोडची एक प्रत करा, पण मूळ फाइल टाकू नका. ग्रुपवर महत्त्वाचा जुना फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही.

आणि एक गोष्ट विसरू नका. एजंट शोधतो, जपत नाही. फोन पाण्यात पडला तर ओसरीवर कितीही हुशार वकील बसलेला असला तरी त्याला उत्तर देणारं कुणी उरत नाही. म्हणून जे एकदाच मिळालंय त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवा. आपली कुटुंबं राज्याराज्यांत पसरली आहेत, त्याचा एवढा तरी फायदा करून घेऊ. इंदूरची प्रत बेळगावला, बेळगावची इंदूरला. क्लाउडवरही ठेवा, माझं काही भांडण नाही. फक्त तीच एकमेव प्रत असू नये.

या आठवड्यासाठी एवढंच काम देतो. घरातल्या ज्येष्ठ माणसाचं एक नाव घ्या आणि त्यांचे फोटो व आवाज कोणकोणत्या यंत्रांत आहेत त्याची कागदावर यादी करा. प्रत्येक यंत्रापुढे मालकाचं नाव लिहा. मग त्या प्रत्येकाला विचारा : शोधायला आलेल्याला तुम्ही काय पाहू द्याल? यंत्रांची यादी अर्ध्या तासात होते. दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल, आणि तो वेळ द्या.